जॉबला हात लावू नका

कॉलेजात मला कुणीही, कधीही, कसलाही त्रास दिला नाही. हे सांगितलं की बायका म्हणतात, नशीबवान आहेस. मी गप्प बसते. कारण पुढचं सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि मग ऐकणारीला वाटतं की हिला नक्की काहीतरी त्रास झालेला असणार.

सोलापुरात डिप्लोमाला मी मेकॅनिकल घेतलं. वर्गात साठ जण आणि त्यात मुलगी मी एकटी. कॉम्प्युटरला मुली भरपूर होत्या, पण त्यांची इमारत गेटाजवळ आणि आमचं वर्कशॉप कॅम्पसच्या पार मागच्या टोकाला, बाभळींच्या पलीकडं. मुलींचं स्वच्छतागृहही गेटाजवळच. वर्कशॉपमधून हात धुवायला जाऊन परत यायला पंधरा मिनिटं लागायची. ही पंधरा मिनिटं पुढं लागणार आहेत म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मेकॅनिकल घेतलं ते अप्पांमुळं, आणि अप्पांनाच ते पटलं नव्हतं. माझे वडील यंत्रमागाचे पार्ट दुरुस्त करतात. एक लेथ, एक ड्रिल, लोखंड आवळून धरायचे दोन व्हाइस, एवढंच वर्कशॉप, घराला लागून. लहानपणी मी अभ्यास करायची तो लेथच्या आवाजात. अप्पा कशालाच नाही म्हणत नाहीत, ते अट घालतात. घरात आम्ही मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलतो, पण अट ते पूर्ण मराठीत घालतात.

"पहिल्या वर्षाचा शेवटचा जॉब घरी आण," ते म्हणाले. "तू केलेला. मी उजेडात धरून बघणार. बसला तर पुढं शीक. नाही बसला तर कॉम्प्युटरला बदलून घे. तिथं पंखे तरी असतात."

वर्कशॉपमधला जॉब म्हणजे नोकरी नव्हे. लोखंडाची पट्टी द्यायची, ड्रॉइंग द्यायचं आणि म्हणायचं, याबरहुकूम कापून, कानसीनं घासून आण. तो जो तुकडा तयार होतो तो जॉब. शेवटचा जॉब दोन तुकड्यांचा असतो. एकाला मधोमध टोक, दुसऱ्याला तशीच खाच. एकमेकांत बसवून उजेडासमोर धरायचे. मधून उजेड दिसला की चुकला. यात तोंडानं काही पटवून देता येत नाही, म्हणून अप्पांना ही परीक्षा आवडते.

मीही हो म्हणाले. मला वाटलं होतं, वर्षभर घासायला मिळेल.

पहिल्या दिवशी आमचे वर्कशॉपचे सर मला दाराशीच भेटले. निवृत्तीला आलेले, पांढऱ्या मिशांचे, कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारे गृहस्थ. आमची बॅच वीस जणांची, एकोणीस मुलगे आणि मी. सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "आपल्यात एक मुलगी आली आहे. आपल्या घरची समजायची. तिला इथं धक्का लागता कामा नये. कुणी शिवी दिलेली माझ्या कानावर आली तर त्याचं टर्म ग्रँट होणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही."

मग ते माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही इथं बसा." खिडकीशी, पंख्याखाली, एक स्टूल ठेवलं होतं. त्यावर कुणीतरी नवाकोरा वर्तमानपत्राचा कागदही अंथरला होता.

मी बसले. पहिला दिवस होता, मला वाटलं बसायचंच असेल.

शिव्या बंद झाल्या त्या दिवसापासून मुलांचं बोलणंही जवळपास बंदच झालं. अकलूजकडची, माळशिरसकडची, अक्कलकोटकडची पोरं. त्यांना एक वाक्य पुरं करायला दोन शिव्या लागायच्या, त्या काढून घेतल्यावर वाक्याला उभं राहायला काही उरेना. "तो... हा... कानस दे की," असं अडखळत बोलायची. मी बाहेर गेले की आतून एकदम खळखळाट ऐकू यायचा, मी दारात आले की शांतता.

कँटीनमध्ये मी ज्या बाकावर बसेन तो बाक रिकामा व्हायचा. कुणी तोंड वाकडं करून नाही, अदबीनं उठून जायचे. आठ जणांच्या बाकावर मी एकटी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची. वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप दोन होते. एक खरा, त्यात मी नव्हते, कारण तिथली भाषा बरी नसते. दुसरा माझ्यासाठी केलेला. त्यात रोज सकाळी एकोणसाठांपैकी कुणीतरी फुलांचं चित्र आणि 'शुभ सकाळ ताई' टाकायचं. लेक्चर रद्द झाल्याचं मात्र पहिल्या ग्रुपवर यायचं. मी कितीदा रिकाम्या वर्गात जाऊन बसले आहे, त्याचा मी हिशोब ठेवला नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. जॉबचं मात्र डोक्यात गेलं.

दुसऱ्या आठवड्यात पट्ट्या वाटल्या. मी उठले, एप्रन घातला, वेणी आत खोचली, कानस हातात घेतली. तर चौघं धावत आले. एकानं कानस घेतली, एकानं पट्टी घेतली, एकानं व्हाइस आवळला आणि चौथा म्हणाला, "ताई, तुमी बसा की. आमी हाय न्हवं."

"मला करायचंय," मी म्हणाले.

"व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि घासायला लागला.

त्यांना वाटलं मी संकोचानं म्हणते. आमच्याकडं पाहुणीला चहा विचारला की ती आधी नकोच म्हणते, तरी चहा करायचाच असतो. मी जितकी जोरात म्हणायची की मला करू द्या, तितका त्यांना माझा संकोच मोठा वाटायचा.

महिन्याभरात याची पद्धत बसली. हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर तक्ता तयार झाला. वर शीर्षक 'ताईंचा जॉब' आणि खाली एक ते एकोणीस. ज्याची ड्युटी असेल त्यानं आधी माझा जॉब करायचा, मग स्वतःचा. कुणी चुकवली नाही. एकाला ताप होता तरी तो आला, माझी पट्टी घासून दिली आणि घरी गेला. स्वतःची तशीच ठेवून. अशा मुलावर चिडायचं कसं, हे मला आजही माहीत नाही. मी चिडायचे ते चिडायचेच.

मला काम काय, तर रजिस्टर लिहिणं. अक्षर चांगलं आहे, असं सर म्हणाले. त्यांनी माझं अक्षर तोवर पाहिलेलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत माझ्या नावावर चार जॉब जमा झाले. चारही उत्तम. घरी अप्पांनी ते पाहायला मागितले नाहीत. ते म्हणाले, "हात दाखव."

मी हात पुढं केले. एक घट्टा नाही, नखात काळं नाही. अप्पांनी पाहिलं, आणि लेथकडं वळून कॅलिपर पुसत बसले. मला रडू आलं. ते मी जेवताना चटणीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले. म्हणाले, "सर, मला जॉब स्वतः करायचाय."

"बाळ," सर म्हणाले, "हाताला लागलं तर तुझ्या वडिलांना मी काय तोंड दाखवू?"

"माझे वडील वर्कशॉपच चालवतात, सर. त्यांच्या हाताला रोज लागतं."

"तेच म्हणतो मी," सर म्हणाले. "घरात एकानं सोसलंय ना."

लेथचं विचारलं तर म्हणाले, ओढणी अडकेल. मी ओढणी घेत नव्हते, एप्रन होता. ते सरांच्या लक्षात आणून दिलं. सरांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "पण मुलगी म्हटलं की ओढणी आलीच." तळपायाची आग मस्तकात गेली, पण माणूस इतका सभ्य की भांडायला जागाच देईना. एवढंच कबूल करून घेतलं की परीक्षेचा जॉब तरी माझा मी करणार. "ते तर नियमातच आहे," सर म्हणाले, आणि दुःखी झाले.

शेवटी मला मदत झाली ती वर्कशॉप झाडणाऱ्या मावशींची. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपची किल्ली त्यांच्याकडं असायची. त्यांनी मला आत घेतलं, कारण पट्टी घासायला मला कुणाची मदत लागेल असं त्यांना वाटलंच नाही. "घास की," म्हणाल्या. "लोखंडच हाय. मी न्हाय का विळा घासत?" तेव्हापासून रोज अर्धा तास त्या कीस झाडायच्या आणि मी नवा कीस पाडायचे. त्या कुरकुरायच्या, पण पुढल्या दिवशी दार उघडायच्या. भंगाराच्या ड्रममधल्या जुन्या पट्ट्या मी घासून घासून नाहीशा केल्या. पहिले पंधरा दिवस पट्टी केळ्यासारखी वाकडी व्हायची. मग हळूहळू कोपर कुठं ठेवायचं ते कळायला लागलं. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे झाले. ते मी कुणाला दाखवले नाहीत. मुलांना दिसले असते तर त्यांनी त्यावरही तक्ता केला असता.

मग शेवटचा जॉब आला, दोन तुकड्यांचा. त्या तुकड्यांना वर्कशॉपमध्ये मेल आणि फीमेल म्हणतात. सगळीकडं म्हणतात, अप्पाही म्हणतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. सरांना मात्र माझ्यासमोर ते शब्द उच्चारवेनात. फळ्यावर चित्र काढून ते म्हणाले, "हा एक. आणि हा... दुसरा." एकोणीस मुलांनी मान खाली घालून लिहून घेतलं. शंका कुणी विचारली नाही, कारण शंका विचारायची तर नाव घ्यावं लागलं असतं. त्या सरावात सात जणांनी दोन्ही तुकडे टोकाचेच घासले. ते एकमेकांत बसेनात. सर म्हणाले, "लक्ष कुठं असतं तुमचं?"

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले आणि सरांच्या केबिनमध्ये चहाला बसले. चार तास होते. मी व्हाइसपाशी उभी राहिले. पहिल्यांदाच सगळ्यांसमोर घासत होते. पोरं स्वतःचं काम सोडून माझ्याकडं बघायची, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं बसमध्ये उभं राहावं आणि आपल्याला उठता येऊ नये, तसे चेहरे करून.

घासताना एकदा कानस निसटली आणि वरच्या बाजूला एक मोठा ओरखडा पडला. पॉलिश पेपर मारला, पूर्ण गेला नाही. पण तुकडे एकमेकांत गेले. खिडकीशी धरून पाहिले. एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड वाटला, परत धरला तर वाटला नाही. अर्धाच तास उरला होता. पंचनं दोन्हींवर माझा नंबर ठोकला, वीस. त्यातलं शून्य जरा कललं. जॉब टेबलावर ठेवून मी हात धुवायला गेले.

पंधरा मिनिटांनी परत आले तर माझ्या जागेवर वीस नंबरचा दुसराच जॉब. आरशासारखा चकचकीत, शून्य सरळ.

मी तुकडे उचलले, बसवले, खिडकीशी धरले. उजेडाचा ठिपका नाही. इतका चांगला जॉब मी अप्पांच्या हातूनही क्वचित पाहिला होता.

"कुणी केलं हे?"

मग वेळापूरचा मुलगा पुढं आला. बॅचमधला एकोणिसावा. बोटांची टोकं सोललेली.

"ताई," तो म्हणाला, "माझी ड्युटी ऱ्हायली होती."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. तक्त्यात एक ते अठरा होऊन गेले होते, आणि एकोणिसाव्याची पाळी येईपर्यंत वर्ष संपलं होतं.

"अरे, परीक्षेत ड्युटी असते का?"

"नसती असं कुनी सांगितलं न्हाय की." तो खाली बघत होता. "आन् तुमच्या जॉबला ओरखडा होता. बाहेरचे सर काय म्हनले असते?"

"माझा कुठंय?"

त्यानं भंगाराच्या ड्रमकडं बोट दाखवलं. "कागदात गुंडाळून टाकलाय," तो म्हणाला. "तसाच न्हाय टाकला."

मग मला त्याचा व्हाइस दिसला. त्यात त्याची स्वतःची पट्टी होती, अर्धी कापलेली. चार तास तो जादाच्या पट्टीवर माझा जॉब करत होता. त्याचा झालाच नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. मनात आलं, ठेवून द्यावा. हा जॉब घरी नेला तर अप्पा उजेडात धरतील, उजेड दिसणार नाही, आणि मी पुढल्या वर्षी मेकॅनिकलला असेन. माझा नेला तर तो केसाएवढा उजेड. माझं एक वर्ष, पाच-सहा महिन्यांचे घट्टे, सगळं त्या केसावर. अप्पांना कळणार नव्हतं. हात तर आता माझे खरेच होते.

सगळी बॅच माझ्याकडं मायेनं बघत होती. त्या मायेचाच मला इतका राग आला की मी ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घातला. मावशी तिथंच झाडू घेऊन उभ्या होत्या. "डाव्या अंगाला हाय," त्या म्हणाल्या.

कागद उलगडून माझा ओरखड्याचा जॉब मी टेबलावर ठेवला. चकचकीत जॉब वेळापूरच्या मुलाच्या हातात दिला. "हा तुझा. माझा नंबर घासून काढ आणि एकोणीस ठोक."

"ताई, दिलेली वस्तू..."

"ठोक म्हणते ना. नाही तर आत जाऊन सांगते."

तो घासायला लागला. बाकीचे अठरा जण मदतीला सरकले. मी म्हणाले, "त्याच्या जॉबला कुणी हात लावायचा नाही." सरकलेले जागच्या जागी थांबले. सहा मिनिटं त्याच्या एकट्याच्या कानसीचा आवाज येत राहिला.

परीक्षक बाहेर आले. माझ्या जॉबपाशी थांबले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला. सर पुढं झाले आणि हळू म्हणाले, "मुलीचा आहे सर. जरा सांभाळून घ्या."

"सांभाळू नका," मी म्हणाले.

सरांचा चेहरा पडला. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसलं, आणि मलाही वाटलं. पण आजही विचाराल तर मी हेच म्हणेन. परीक्षकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. निकालात ते मार्क पास व्हायला पुरले, मिरवायला नाही. वेळापूरचा बॅचमध्ये पहिला आला.

परीक्षेचे जॉब निकालानंतर भंगारात जातात. त्याआधी मी माझा सरांकडून मागून घेतला आणि घरी नेला. अप्पा लेथवर होते. मी जॉब त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी मशिन बंद केलं, चष्मा पुसला, तुकडे एकमेकांत बसवले आणि ट्यूबलाइटसमोर धरले. खूप वेळ धरले.

"डावीकडं उजेड आहे," ते म्हणाले.

"आहे," मी म्हणाले.

"हा ओरखडा?"

"कानस निसटली."

त्यांनी जॉब खाली केला. मग माझा उजवा हात धरून उलटा केला, घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. टोकाचा तुकडा त्यांनी व्हाइसमध्ये आवळला, भिंतीवरची बारीक कानस काढली आणि वाकले. इतक्या वर्षांची सवय. चूक दिसली की हात आधी जातो. पण मी वर्षभर हेच पाहिलं होतं, माझ्या पट्टीवर वाकलेली पाठ.

"अप्पा," मी म्हणाले, "जॉबला हात लावू नका."

ते तसेच वाकलेले थांबले. अप्पांशी या आवाजात मी कधी बोलले नव्हते. मग ते सरळ झाले, कानस माझ्याकडं मुठीच्या बाजूनं धरली आणि व्हाइसपासून दोन पावलं मागं गेले.

मी घासलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कानस उचलली तेव्हा ते म्हणाले, "साकु." आमच्या घरात काम झालं की म्हणतात, बास.

तुकडे बसवून त्यांनी परत ट्यूबलाइटसमोर धरले. मग जॉब आपल्या मापांच्या हत्यारांच्या खणात ठेवला आणि लेथवरचं तेल पुसायला लागले.

"पुढल्या वर्षी लेथ असणार," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "वेणी आत खोचायची. बाह्या कोपराच्या वर. ओढणी घरी ठेवून जायची."